हॉट सॉचा वेग येतो कुठून, आणि बागेतल्या चेनसॉला तो का देऊ नये

दापोलीजवळच्या एका बागायतदारांनी विचारलेला प्रश्न असा आहे. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पडलेले माड, पोफळी आणि आंबे कापून बाजूला करण्यासाठी त्यांनी ६० सीसीची एक चेनसॉ घेतली आणि तेव्हापासून ते ती स्वतःच चालवतात. लाकूडतोडीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये एक माणूस मोटरसायकलचे इंजिन बसवलेली भलीमोठी करवत, म्हणजेच हॉट सॉ, उचलून पाच-सहा सेकंदांत जाड ओंडक्याच्या तीन चकत्या पाडतो, हे त्यांनी चित्रफितीत पाहिले. हा वेग निव्वळ इंजिनाच्या ताकदीचा आहे का, आणि मफलर मोकळा करून, साखळी ओढणारे दातेरी चक्र, म्हणजे स्प्रॉकेट, मोठे लावून व साखळीचे रेकर (दातांपुढचे बुटके उंचवटे) कानशीने उतरवून आपल्या चेनसॉला त्यातला थोडा तरी वेग देता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

थोडक्यात उत्तर असे, की ताकद लागते, पण वेगाचा मोठा वाटा साखळीच्या दाताचा आणि धरणाऱ्याच्या हाताचा असतो. आणि त्यांनी सुचवलेल्या तीन बदलांपैकी दोन मी माझ्या कोणत्याही ग्राहकाला कामाच्या चेनसॉवर करू देत नाही. याची कारणे नीट समजावी म्हणून पुढे सविस्तर लिहीत आहे. मी गेली २२ वर्षे न्यूझीलंडमध्ये रोटोरुआ येथे चेनसॉ दुरुस्तीचे काम करतो आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे हिवाळ्यात स्पर्धकांच्या साखळ्या घासून देतो. माझे लहानपण कणकवलीतल्या एका वखारीच्या मागे गेले. करवतीला धार आहे की नाही, हे आवाजावरून ओळखायला मी तिथेच शिकलो.

या खेळाचे मूळ ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर आहे. तिथल्या जंगलात काम करणाऱ्या दोन लाकूडतोड्यांमध्ये १८७० मध्ये झाड आधी कोण पाडतो यावर पैज लागली, आणि अशा पैजांमधूनच १८९१ मध्ये टास्मानियातील लॅट्रोब येथे जागतिक अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा भरली. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात कृषी प्रदर्शनांच्या मैदानावर कुऱ्हाडीच्या शर्यती आजही होतात. अमेरिकेत १९८५ पासून सुरू झालेल्या टिंबरस्पोर्ट्स मालिकेने या सगळ्या प्रकारांना एक ठरावीक रूप दिले. त्यात सहा प्रकार आहेत: तीन कुऱ्हाडीचे आणि तीन करवतीचे. करवतीच्या तिघांपैकी एक हातकरवतीचा, एक कारखान्यातून आलेल्या चेनसॉचा आणि तिसरा हॉट सॉचा. आपण पाहिलेला तो हाच शेवटचा प्रकार.

हॉट सॉचा नियम ऐकायला साधा आहे. ४६ सेंटीमीटर व्यासाचा, लेथवर फिरवून एकसारखा गोल केलेला पांढऱ्या पाइनचा ओंडका आडवा बांधलेला असतो. त्याच्या टोकापासून १५ सेंटीमीटरवर रेषा आखलेली असते आणि तिच्या आत तीन पूर्ण चकत्या पाडायच्या असतात, पहिली वरून खाली, दुसरी खालून वर आणि तिसरी पुन्हा वरून खाली. चकती कडेला जरा जरी अपुरी राहिली किंवा करवत रेषेपलीकडे गेली, तर ती फेरी बाद होते. सुरुवातीला स्पर्धकाचे दोन्ही हात ओंडक्यावर असतात आणि करवतीचे इंजिन बंद असते. इशारा झाल्यावर दोरी ओढून इंजिन सुरू करायचे, करवत उचलायची आणि कापायचे. अमेरिकेच्या मॅट बुश यांनी २००३ मध्ये हे सगळे पाच सेकंदांच्या आसपास केले. त्यात दोरी ओढण्याचा वेळही धरलेला आहे, ही गोष्ट चित्रफीत पाहताना सहज निसटते. पहिल्या ओढीत इंजिन लागले नाही, तर बाकीची सगळी तयारी वाया जाते. मी पाहिलेल्या वाया गेलेल्या फेऱ्यांपैकी बहुतेक दोरीपाशीच गेल्या आहेत.

ही करवत दुकानात मिळत नाही. स्नोमोबाइल किंवा मोटोक्रॉसच्या मोटरसायकलचे एका सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन घेऊन तिचा सांगाडा घडवला जातो. वजन सुमारे २७ किलोपर्यंत जाते, ताकद ६० ते ८० अश्वशक्तीच्या घरात असते आणि साखळीचा वेग ताशी २४० किलोमीटरपर्यंत पोहोचतो. आपली चेनसॉ कापताना साखळी साधारण ताशी ७० ते ८० किलोमीटरने पळवते. हा आकडा आपल्याला घरीही काढता येईल. तीन-अष्टमांश इंच पिचच्या (पिच म्हणजे लगतच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराच्या निम्मे) साखळीत ७ दातांचे स्प्रॉकेट एका फेरीत १३३ मिलिमीटर साखळी ओढते. ओंडक्यात असताना इंजिन मिनिटाला ९,५०० फेरे घेत असेल, तर साखळी सेकंदाला सुमारे २१ मीटर, म्हणजे ताशी ७६ किलोमीटर धावते. हॉट सॉमध्ये त्याच पिचची साखळी २० किंवा त्याहून अधिक दातांच्या स्प्रॉकेटवरून थेट ओढली, तरच सेकंदाला ६५ मीटरच्या आसपासचा वेग मिळतो. एवढे मोठे स्प्रॉकेट ओंडक्याच्या आत फिरवायला जो जोर लागतो, तो ६० सीसीच्या इंजिनात नसतो. म्हणजे ताकद लागतेच, हे मी नाकारत नाही.

ही ताकद काढतात कशी, हे कोल्हापूर किंवा पुण्याच्या कोणत्याही जुन्या टू-स्ट्रोक मेकॅनिकला चटकन कळेल, कारण आरएक्स १०० च्या सायलेन्सरवर त्याने आयुष्यात कधी ना कधी हात चालवलेला असतो. टू-स्ट्रोक इंजिनात जळलेला धूर बाहेर जाण्याचे आणि ताजे मिश्रण आत येण्याचे दार काही क्षण एकाच वेळी उघडे असते, त्यामुळे ताज्या मिश्रणातला काही भाग न जळताच निघून जातो. मधे फुगलेला आणि शेवटी निमुळता होत गेलेला पाइप लावला, की बाहेर गेलेली दाबाची लाट त्या निमुळत्या भागावर आपटून माघारी फिरते आणि दार बंद होण्याच्या आत निसटलेले मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. मात्र ही लाट वेळेवर पोहोचली तरच उपयोगाची, आणि ती वेळ पाइपच्या लांबीवर ठरते. म्हणून असे इंजिन फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यातच जोर देते. त्याखाली ते अडखळते. अनेक स्पर्धक पेट्रोलऐवजी मिथेनॉल वापरतात. ते हवेच्या प्रमाणात पेट्रोलच्या दुपटीहून अधिक जाळावे लागते, पण बाष्प होताना खूप उष्णता शोषून इंजिन थंड ठेवते. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, म्हणून माझ्या कार्यशाळेत मिथेनॉलचे भांडे उघडे असताना पाण्याची बादली हाताशी असते आणि दुसरे कोणतेही काम चालू नसते.

आता ताकदीचा हिशेब पूर्ण करू. कारखान्यातून आलेल्या चेनसॉचा जो प्रकार आहे, त्याला स्टॉक सॉ म्हणतात. त्यात बरीच वर्षे एमएस ६६१ ही ९१.१ सीसीची, ५.४ किलोवॉटची, म्हणजे सुमारे ७.३ अश्वशक्तीची करवत वापरात आहे. ओंडका ४० सेंटीमीटरचा, चकत्या दोन आणि चांगला स्पर्धक साधारण १० सेकंदांत त्या पाडतो. दोन चकत्यांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २,५०० चौरस सेंटीमीटर होते. उचलण्याचा दीड सेकंद वजा केला, तर सेकंदाला सुमारे ३०० चौरस सेंटीमीटर लाकूड कापले जाते. हॉट सॉच्या तीन चकत्यांचे क्षेत्रफळ सुमारे ५,००० चौरस सेंटीमीटर, आणि प्रत्यक्ष कापण्याचा वेळ चार सेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला साधारण १,२५० चौरस सेंटीमीटर. ताकद आठ ते अकरा पट वाढली, पण काप जेमतेम चार पटच वाढला.

आणि हातकरवत पाहिली, तर हा हिशेब आणखी विचार करायला लावतो. सिंगल बक या प्रकारात एकच माणूस सुमारे दोन मीटर लांबीच्या हातकरवतीने ४६ सेंटीमीटरचा ओंडका एकदा आरपार कापतो. न्यूझीलंडचे जेसन विनयार्ड हे वैयक्तिक विश्वविजेतेपद नऊ वेळा जिंकलेले स्पर्धक होते. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि इथल्या लाकूडतोडीच्या मैदानांवर त्यांची आठवण निघत नाही असा दिवस जात नाही. त्यांनी हा काप २००७ मध्ये ९.३९ सेकंदांत दिला होता. म्हणजे सेकंदाला १७५ चौरस सेंटीमीटरहून अधिक, तेही इंजिनाशिवाय, निव्वळ पाठीच्या आणि पायांच्या जोरावर. सात अश्वशक्तीची चेनसॉ या माणसाच्या दुप्पटही कापत नाही. हातकरवतीचा काप अरुंद असतो आणि दर झटक्याला तिचे दात लाकडाची लांबलचक सळसळीत ढलपी सोलून बाहेर टाकतात. भुसा पाडत नाहीत. माझ्या मते या खेळाचे सगळे मर्म या एका तुलनेत आहे. म्हणून आता दाताकडे वळतो, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

जुन्या चेनसॉच्या साखळीला हातकरवतीसारखेच टोकदार खरवडणारे दात असत आणि ते लवकर बोथट होत. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जंगलात काम करणाऱ्या जोसेफ कॉक्स यांनी १९४६ मध्ये लाकूड पोखरणारी एका भुंग्याची अळी पाहिली. ती आपल्या वाकड्या जबड्यांनी लाकडाच्या आरपार, डावी-उजवीकडे आळीपाळीने कुरतडत जाते, हे त्यांनी हेरले, आणि १९४७ पासून तशाच वाकड्या दातांची साखळी त्यांनी विकायला सुरुवात केली. आज आपल्या हातातली साखळी मुळात तीच आहे. तिचा प्रत्येक दात तीन कामे करतो. बाजूची कड लाकडाचे तंतू आडवे तोडते. वरची पट्टी तुटलेले तंतू तळापासून सोलून काढते. आणि दाताच्या पुढे जो बुटका उंचवटा असतो, त्याला आपण रेकर म्हणतो. तो दाताला किती खोल बसायचे ते ठरवतो.

सुताराचा रंधा आठवा. पाते तळाच्या लाकडातून जेवढे बाहेर काढाल, तेवढी जाड साल निघते. फार बाहेर काढले तर रंधा अडकतो, धक्का बसतो आणि लाकूड उपटले जाते. रेकर म्हणजे त्या रंध्याचे तळ. दाताच्या टोकापेक्षा रेकर सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली, हे कामाच्या साखळीचे नेहमीचे माप. हे अंतर वाढवले की प्रत्येक दात अधिक जाड ढलपी घेतो, पण ती ढलपी ओढायला इंजिनात जोर हवा आणि ती बाहेर न्यायला जागाही हवी. हॉट सॉचा काप साधारण ८ मिलिमीटर रुंद धरला, तर तीन चकत्यांमध्ये सुमारे चार लिटर भरीव लाकडाचा चुरा होतो. सुटल्यावर तो फुगून बादलीभर होतो, आणि हे सारे चार सेकंदांत ओंडक्यातल्या त्या अरुंद खाचेतून बाहेर पडायला हवे. जो चुरा बाहेर पडत नाही, तो साखळी व बार (साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी) यांच्या मध्ये पुन्हा दळला जातो. नऊपट ताकदीतली बरीच अशी दळण्यात, घर्षणात आणि खुद्द साखळी व चुरा यांना वेग देण्यात खर्च होते. म्हणून शर्यतीच्या साखळीचे सगळे काम एकाच प्रश्नाभोवती फिरते: ढलपी लवकर कशी निघेल आणि निघाल्यावर तिला वाट कशी मिळेल.

माझ्या बाकावर हे काम असे चालते. नवी साखळी व्हाइसमध्ये एक-एक दात वर येईल अशी धरतो. गोल कानशीने दिलेली धार कामासाठी उत्तम, कारण ती टिकते. शर्यतीसाठी मी चौकोनी कोनाची धार देतो, म्हणजे दाताच्या वरच्या आणि बाजूच्या कडा एका टोकदार कोपऱ्यात मिळतात आणि तोच कोपरा लाकडात सर्वप्रथम शिरतो. मग धारेच्या मागचा धातू पातळ करतो, कारण धार सोडून उरलेला दात लाकडाला घासला, तर ते निव्वळ घर्षण असते. दाताच्या पोटातली पोकळी मोठी करतो, म्हणजे ढलपीला गुंडाळी व्हायला जागा मिळते. बाजूच्या पट्ट्याही पातळ होतात, त्यामुळे साखळी हलकी होते. शेवटी रेकर उतरवतो, तेही सगळे एकसारखे, दोन दातांमध्ये कागदाच्या जाडीएवढाही फरक न ठेवता. एक दात खोल आणि शेजारचा उथळ असला, तर साखळी धडधडते आणि काप वाकडा जातो. अशी एक साखळी करायला मला दोन संध्याकाळी लागतात आणि ती काही मोजक्या फेऱ्या चालते. ओंडक्याच्या सालीत वाळूचा एक कण जरी असला, तरी तो चौकोनी कोपरा जातो. म्हणूनच स्पर्धेचे ओंडके साल काढून, लेथवर फिरवून स्वच्छ केलेले असतात.

इथे लाकडाचाही विचार करावा लागतो. पांढरा पाइन घनमीटरला सुमारे ४०० किलो भरतो. साग सुमारे ६५० किलो असतो आणि ऐन त्याहूनही जड. पाइनसाठी उतरवलेले रेकर घेऊन कोणी ऐनाच्या ओंडक्याला लागला, तर दात लाकडात रुततो, इंजिन गुदमरते किंवा करवत हातातून उसळते. माडाच्या खोडाची गोष्ट तर वेगळीच आहे. त्याचा बाहेरचा भाग कठीण आणि तंतुमय असतो, धार लवकर घालवतो, आणि शर्यतीची नाजूक धार त्यात एक काप तरी पुरेल की नाही, याची मला शंका आहे.

हातांचा वाटा कळतो तो स्टॉक सॉमध्ये. तिथे करवत सर्वांना सारखी, साखळी सारखी, तेल-इंधन सारखे, तरी पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकात काही सेकंदांचे अंतर पडते. इंजिन जमिनीवर चालू असते, स्पर्धकाचे हात ओंडक्यावर असतात आणि रेषेच्या आत फक्त १० सेंटीमीटर जागा असते. नवशिका इशारा होताच करवत ओंडक्यावर आपटतो आणि अंगाचा भार टाकतो. फेरे पडतात, आवाज जाड होतो, आणि साखळीचा वेग परत मिळवण्यात अर्धा सेकंद जातो. जाणता माणूस लाकडाला स्पर्श होण्याआधी थ्रॉटल पूर्ण दाबतो, पुढचे काटे ओंडक्याला टेकवून बारचे टोक खाली झुकवतो, आणि भार तेवढाच ठेवतो जेवढ्यात आवाज एका सुरात राहील. पहिली चकती पडत असतानाच त्याचे मनगट वळायला लागते, कारण दुसरा काप खालून वर घ्यायचा असतो. त्या वेळी बारची वरची बाजू कापते आणि करवत माणसाकडे परत ढकलली जाते. तो धक्का कोपराने नव्हे, तर मांडीने आणि कंबरेने घ्यावा लागतो. मी ज्या तरुणांना शिकवतो, त्यांना पहिले दोन महिने घड्याळ दाखवत नाही. डोळे मिटून दुसऱ्याच्या कापाचा आवाज ऐकायला बसवतो. फेरे कधी पडले, हे कानाला कळू लागले की हात आपोआप हलका होतो.

धोक्याबद्दल मला जे सांगायचे आहे, ते माझ्या स्वतःच्या चुकीसकट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धकाच्या हॉट सॉचे इंजिन गरम करून पाहायचे होते. नवी साखळी वाया घालवू नये म्हणून मी आदल्या हंगामातली वापरलेली साखळी चढवली. तिच्या एका रिव्हेटच्या छिद्राजवळ केसाएवढी चीर होती, आणि ती मी भिंगाखाली तपासली नव्हती. पूर्ण थ्रॉटलवर साखळी तुटली. मी बारच्या रेषेतून बाजूला उभा होतो, म्हणून आज हे लिहीत आहे. साखळीचा एक तुकडा शेडचा पत्रा भोसकून बाहेर गेला होता आणि ते छिद्र माझ्या छातीच्या उंचीवर होते. आजही ते मी बुजवलेले नाही, कारण शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवतो. तुटलेल्या साखळीचे मोकळे टोक चाबकासारखे फिरते आणि त्या झटक्यात सुटलेली कडी साखळीच्या मूळ वेगाच्या कितीतरी पट वेगाने निघते. जंगलात यंत्राने झाडे कापणाऱ्या मोठ्या गाड्यांमध्येही साखळीचा वेग साधारणपणे सेकंदाला ४० मीटरच्या पुढे जाऊ देत नाहीत आणि चालकासमोर जाड पॉलिकार्बोनेटची काच बसवतात, ती याच कारणासाठी. हॉट सॉची साखळी त्याहून दीडपटीने अधिक वेगाने पळते. म्हणूनच स्पर्धेत बारच्या रेषेत कोणालाही उभे राहू देत नाहीत, स्पर्धकाच्या पायांवर काप रोखणारे आच्छादन असते, आणि प्रत्येक फेरीनंतर साखळी उतरवून कडी-कडी तपासली जाते.

आता आपल्या तीन प्रश्नांची थेट उत्तरे. मफलर मोकळा करू नये. धूर सहज निघू लागला की इंजिन अधिक हवा ओढते, मिश्रणात इंधन कमी पडते, तापमान चढते आणि पिस्टनवर ओरखडे पडून इंजिन जाम होते. कार्ब्युरेटर त्यानुसार पुन्हा जुळवला तर हे टळते, पण अनेक नव्या चेनसॉमध्ये ती मुभा फार थोडी ठेवलेली असते. शिवाय मफलर फोडताना लोक आतली ठिणगी अडवणारी जाळीही काढून टाकतात. कोकणात डिसेंबरनंतर सड्यावरचे गवत काडीसारखे वाळलेले असते, आणि एक ठिणगी एका बागेपुरती थांबत नाही. रेकर ठरलेल्या मापाखाली उतरवू नयेत. त्याचे कारण वर ऐनाच्या संदर्भात आलेच आहे. वादळात पडलेली झाडे बहुधा वाकलेली आणि ताणलेली असतात, त्यांत करवत उसळली तर बार सरळ चेहऱ्याकडे येतो, हे त्यात आणखी मिळवावे.

स्प्रॉकेटचा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे. ७ ऐवजी ८ दातांचे स्प्रॉकेट लावले, तर त्याच फेऱ्यांना साखळी सुमारे १४ टक्के अधिक वेगाने पळते आणि दातावरचा जोर त्याच प्रमाणात घटतो. बार आखूड असेल आणि आपण बहुतेक वेळ मनगटाएवढ्या किंवा मांडीएवढ्या फांद्या छाटत असाल, तर हा सौदा फायद्याचा आहे. आंब्याच्या बुंध्यात पूर्ण बार घालायचा असेल, तर तोट्याचा. निर्मात्याच्या पुस्तिकेत त्या मॉडेलसाठी ८ दातांचे स्प्रॉकेट दिले आहे का, हे आधी पाहावे. दिले नसेल तर लावू नये.

यापेक्षा अधिक वेग आपल्या कानशीत आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी इंजिनाच्या नावाने येतात आणि साखळीपाशी संपतात. कापताना खाली काय पडते ते पाहावे. पिठासारखा भुसा पडत असेल, तर दात बोथट आहेत. चौकोनी, कुरकुरीत ढलप्या पडत असतील, तर धार ठीक आहे. टाकी भरायला थांबाल, तेव्हा प्रत्येक दाताला योग्य व्यासाच्या गोल कानशीचे दोन-तीन हात द्यावेत, नेहमी आतून बाहेर आणि कोन न बदलता. चार-पाच वेळा धार दिल्यावर रेकरमापक पट्टी ठेवून रेकर तपासावा, आणि पट्टीच्या वर आला असेल तेवढाच उतरवावा. डावीकडचे दात उजवीकडच्यांपेक्षा लांब राहिले, की काप एका बाजूला वळतो आणि लोक बार बदलतात. बार बहुधा चांगलाच असतो.

आणि या खेळाची खरोखर गोडी लागली असेल, तर स्टॉक सॉचा सराव बागेतही करता येतो. वादळात पडलेल्या किंवा रीतसर तोडलेल्या सुरूचा, ३० सेंटीमीटरच्या आसपास जाडीचा सरळ ओंडका घ्यावा, त्याची साल आणि माती पूर्ण काढावी, आणि कमरेच्या उंचीवर दोन ठिकाणी घट्ट बांधावा. एकटे असताना हे करू नये. पायांवर आच्छादन, डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा, कानांवर संरक्षक आणि बारच्या रेषेत कोणी नाही, एवढे पाहिल्यावर टोकापासून १० सेंटीमीटरवर खडूने रेषा मारावी. वरून खाली एक आणि खालून वर एक अशा दोन चकत्या रेषेच्या आत पाडाव्यात, घड्याळ न लावता. मग दोन्ही चकत्या एकावर एक ठेवून त्यांची जाडी चार ठिकाणी मोजावी. जाडीतला फरक पाच मिलिमीटरच्या आत येईपर्यंत वेळ मोजायला घेऊ नये. माझ्याकडे येणाऱ्या तरुणांना तिथवर पोहोचायला साधारण एक हिवाळा लागतो.